आमच्या घरातला कायद्याचा अभ्यास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मी कायद्यावर बोलायला उभी राहिले म्हणून कोणी हसल्या, तर मी रागावणार नाही. पण माझ्या धाकट्या जाऊबाई वकील आहेत. सध्या त्या लंडन विद्यापीठाचा मानवी हक्कांच्या कायद्याचा पदव्युत्तर अभ्यास घरबसल्या करीत आहेत. रात्री जेवणे आटोपली की त्या संगणक उघडतात आणि मी उद्याची भाजी निवडीत शेजारी बसते. वाचलेले त्या मला मराठीतून सांगतात. दुसऱ्याला सांगता आले तरच आपल्याला समजले, असे त्यांचे म्हणणे.

घरात बसून कसली पदवी, असे सासूबाईंना वाटे. पण हे विद्यापीठ १८५८ पासून दूरच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेत आले आहे. नेल्सन मंडेलांनी तुरुंगातून त्याच विद्यापीठाच्या कायद्याच्या पदवीचा अभ्यास केला होता. मुलींनी एक मात्र ध्यानात ठेवावे. आपल्याकडे सनद हवी असेल, तर एल्‌एल्‌.बी. कॉलेजात हजेरी लावूनच करावे लागते. जाऊबाईंनी ते आधीच केले होते.

नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पदवी हाती पडली १९२२ साली. तीस वर्षे! आणि हंसाबाई मेहता. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात ‘ऑल मेन’ असे शब्द होते. त्यात बायका आल्याच, असे मोठमोठ्यांचे मत. हंसाबाई अडून बसल्या. १९४८ च्या जाहीरनाम्यात ‘सर्व मानव’ या अर्थाचे शब्द आले, ते त्यांच्यामुळे.

आता माहेरची गोष्ट सांगते. वडिलोपार्जित शेताच्या हक्कसोडपत्रावर सही करायला ये, असा भावाचा निरोप आला. वडील २००१ साली वारले. “लग्न झालेल्या मुलीचा काय हक्क?” असे सगळे म्हणत. जाऊबाईंनी सांगितले, २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे, लग्न झाले तरी. त्या वेळी वडील हयात असायला हवे होते असेही नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल. मी भावाला म्हटले, “दादा, आधी सातबारा दाखव, मग सहीचे बघू.” दादा दोन महिने बोलला नाही. भाऊबीजेला आला, ओवाळून घेतले, सातबारा काही आणला नाही. मीही सही केलेली नाही.

भाऊ तुटेल ही भीती मलाही आहे. पुढे मी हक्क सोडीनही. पण काय सोडते आहे ते वाचून सोडीन.

सगळ्यांच्या घरी वकील जाऊ नसते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मागता येतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते. ज्यांच्याकडे असे कागद आले असतील, त्यांनी मंगळवारी दुपारी ते घेऊन मंडळात यावे. जाऊबाई तासभर बसणार आहेत.