अर्जाची तयारी नववीपासून
(मालवण किनाऱ्यावरील शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



महाविद्यालयाचा अर्ज बारावीच्या निकालानंतर भरावयाचा असतो, असा समज आपल्या किनाऱ्यावर अद्याप दृढ आहे. गुणांविषयी मी बोलणार नाही. ते काम शिक्षक उत्तम करीत आहेत. माझा मुद्दा कागदपत्रांचा आहे.

व्यावसायिक शिक्षणक्रमाच्या राखीव जागेसाठी जात पडताळणी प्रमाणपत्र लागते. इतर मागासवर्गीयांस त्याकरिता 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे बहुधा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, नाहीतर गाव नमुना नंबर 14 मधील जन्मनोंद. आता आपल्याकडील कित्येकांचे आजोबा मुंबईस गिरणीत गेले, आणि दाखले तिकडेच चाळीत राहिले. शिवाय सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी. त्यापूर्वीच्या नोंदीत जिल्हा रत्नागिरीच असणार, त्याने घाबरून जाऊ नये. नावातील फरक मात्र निस्तरण्यास महिने जातात. बारावीनंतर तेवढा अवधी नसतो, आणि हुशार मुलाची जागा केवळ एका कागदापायी जाते.

अकरावीत गणित सोडताना अभियांत्रिकीचा विचार आधी व्हावा, हेही पालकांस सांगावे.

शुल्काची निकड जून-जुलैच्या सुमारास येते. नेमकी तेव्हाच मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. म्हणून उत्पन्नाचा नवा दाखला एप्रिलमध्येच काढावा, म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्ज अडत नाही.

गणपतीस मुंबईकर मंडळी गावी येतात. येताना जुने दाखले शोधून आणावेत, असे नववीच्या पालकांकरवी त्यांस आताच कळवा.