सांधे धरले म्हणजे वातच असें नव्हे
(पाली, ता. वेल्हे, येथें चावडीपुढें दिलेलें भाषण)



आजचा विषय चारचौघांत कोणी काढीत नाहीं. वडीलधाऱ्यांनीं रागावूं नये आणि मायबहिणींनीं उठून जाऊं नये. हें बोलणें अधिक करून त्यांच्यासाठींच आहे.

भातलावणीच्या दिवसांतली गोष्ट. राजगडाच्या पायथ्याच्या एका वाडींतली सून, वय वीस-बावीस. पाळीच्या दिवसांत तिला ताप भरला. आज घोटा दुखे, उद्यां मनगट. हातापायांवर चार-दोन पुवाच्या पुटकुळ्या आल्या. मग उजवा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. सासू म्हणाली, चिखलांत उभी राहून वात झाला. देवऋषानें अंगारा दिला आणि कोंबडें घेतलें. बाजारच्या गांवीं एकानें गुडघ्यांत कसली तरी सुई टोचली. दोन दिवस बरें वाटलें आणि सूज दुप्पट झाली. शेवटीं पुण्यास मोठ्या दवाखान्यांत नेली. तेथें गुडघ्यांतला पू काढून तपासला, तेव्हां रोगाचें नांव निघालें परमा.

घरांत कोणाला पटेना. पोरीनें कधीं वाकडें पाऊल टाकलें नव्हतें, आणि तें खरेंच होतें. नवरा मुंबईस हमालीला. जत्रेला गांवीं येऊन गेला, परत गेल्यावर त्याच्या लघवीला आग होऊं लागली, पू जाऊं लागला. त्यानें तेथेंच औषध घेतलें, बरा झाला, आणि घरीं चकार शब्द काढला नाहीं. लाज त्याची, गुडघा तिचा.

हा रोग वाऱ्यानें होत नाहीं, करणीनें नाहीं, मागल्या जन्मींच्या पापानें तर नाहींच. नायसर नांवाच्या जर्मन डॉक्टरानें १८७९ सालीं त्याचा जंतु शोधून काढला. तो संगानें एकाचा दुसऱ्यास लागतो. पुरुषाला बहुधा चार-आठ दिवसांत कळतें. बाईला पुष्कळदां कांहींच कळत नाहीं, म्हणून तिचा रोग आंतल्या आंत राहतो. शंभर रोग्यांत फार तर दोन-तिघांच्या रक्तांत तो उतरतो आणि सांधे धरतो. पाळीच्या आणि गरोदरपणाच्या दिवसांत हें भय अधिक. चिकनगुन्यांतही ताप येतो आणि सांधे धरतात; तेव्हां नुसतें पाहून निदान करणाऱ्यावर भरंवसा ठेवूं नये. सांध्यांतलें पाणी तपासलें पाहिजे.

वेळेवर गेल्यास सांधा बहुतेक पूर्ण बरा होतो. पूर्वीं पेनिसिलिननें हा रोग हटे. आतां जंतु त्याला जुमानीत नाहीं. म्हणून सेफ्ट्रायॅक्सोनचीं इंजेक्शनें आठवडाभर आणि कधीं अधिकही द्यावीं लागतात, सांध्यांतला पू पुन्हां पुन्हां काढावा लागतो. दुकानांतून चार गोळ्या आणून भागत नाहीं. उशीर झाला कीं सांध्यांतली गादी झिजून जाते. त्या पोरीचा गुडघा आज पुरता वाकत नाहीं. लावणीला तिला ओणवें होतां येत नाहीं.

बाईच्या दुखण्याकडे कोण पाहतो? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनीं गडचिरोलीच्या दोन गांवांतल्या ६५० बायका तपासल्या आणि १९८९ सालीं निकाल छापला. शंभरांत ९२ जणींना स्त्रीरोग कोणता ना कोणता होताच (सगळा परमाच नव्हे), आणि पूर्वीं तशी तपासणी झालेल्या होत्या शंभरांत अवघ्या आठ!

असल्या विषयावर लिहिलें म्हणून र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर खटले झाले. १९३४ सालीं त्यांचें वकीलपत्र घेतलें तें डॉ. आंबेडकरांनीं. कर्वे जातीनें ब्राह्मण, पण सोवळ्या मंडळींना ते आपल्याइतकेच नकोसे होते.

सरकारी जिल्हा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतें. तेथें तपासणी आणि औषध फुकट, नांवही बाहेर फुटत नाहीं. नवराबायको दोघांनींही औषध घ्यावें, डॉक्टर सांगेल तोंवर संग टाळावा, आणि गरमीची व एचआयव्हीची तपासणी त्याच वेळीं करून घ्यावी. बाहेरख्यालीपणा सोडवत नसेल त्यानें निदान निरोध तरी वापरावा.

मुंबई-पुण्यास कामाला असणाऱ्या पोरांनो, फोन तुमच्या खिशांत आहे. लघवीला आग झाली तर त्याच दिवशीं घरीं सांगा. शिव्या खाव्या लागतील, त्या खा. सगळ्यांदेखत विचारायला संकोच वाटत असेल त्यांनीं जेवणें झाल्यावर शाळेच्या ओट्यावर यावें. बायकांनीं आशाताईंकडे जावें. त्यांच्याशीं माझें बोलणें झालें आहे.