चॉकलेटचा फेस
(मंडळाच्या वर्धापनदिनी भरलेल्या पाकवर्गातील भाषण)



चिटणीसबाईंनी मला वीस मिनिटे दिली आहेत आणि शेजारी बर्फाचे घमेले ठेवले आहे. बर्फाचे पाणी होण्याच्या आत बोलणे आटोपावयाचे, ही अट मला मान्य आहे.

आज चॉकलेट मूस करावयाचे आहे. सोनाराची मूस वेगळी. हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ फेस. चॉकलेटात हवा कोंडावयाची आणि ती तेथेच राहील अशी तजवीज करावयाची, एवढाच या पदार्थाचा मामला. हा विषय मी मुद्दाम मागून घेतला, त्याचे कारण आधी सांगते.

गेल्या वर्षी आमच्या इमारतीतील एका आजींच्या पंचाहत्तरीला मुलांनी हौसेने बाहेरून मूसच्या वाट्या मागविल्या. आजींनी जन्मात अंडे खाल्लेले नाही. सुनेने फोनवर विचारले, "यात अंडे नाही ना?" "नाही," असे उत्तर आले. आजींनी दोन वाट्या आवडीने खाल्ल्या. पुढे आठ दिवसांनी त्याच ठिकाणच्या मुलाने बोलता बोलता सांगितले की, अंड्यावाचून मूस होतच नाही! आजी कोणाला एक शब्द बोलल्या नाहीत. पण तेव्हापासून कोणाच्याही घरी गेल्या तरी गोड पदार्थाला हात लावीत नाहीत. हळदीकुंकवाला आमच्याकडे आल्या होत्या, तेव्हा बर्फीचा तुकडा बशीत तसाच राहिला.

मी स्वतः अंडे खाते, तेव्हा अंड्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. तक्रार खोटे सांगण्याविरुद्ध आहे. आणि अंड्यावाचून मूस होत नाही हे त्या मुलाचे म्हणणेही खरे नाही, हे आज आपल्यासमोर करून दाखविणार आहे.

आधी जुनी रीत. एलिझाबेथ डेव्हिड या इंग्रज बाईंनी १९६० साली फ्रान्सच्या प्रांतोप्रांतीच्या स्वयंपाकावर मोठे पुस्तक लिहिले. त्यातले माप लक्षात ठेवण्यास फार सोपे आहे : माणशी एक अंडे आणि एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, चॉकलेट. चॉकलेट विरघळवून त्यात पिवळा बलक मिसळावयाचा, पांढरे वेगळे फेटून घट्ट फेस करावयाचा आणि तो हलक्या हाताने, खालून वर, चॉकलेटात कालवावयाचा. भांड्याला तुपाचा ओशटपणा असला किंवा बलकाचा थेंब पडला, तर पांढऱ्याला फेस धड धरत नाही. प्लॅस्टिकचे भांडे तर घेऊच नये; ते कितीही घासले तरी ओशट राहते.

या रीतीत अंडे कच्चेच पोटात जाते, हे विसरू नये. अंड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. इंग्लंडमध्ये कोंबड्यांना लस टोचून, सिंहाचा शिक्का मारलेली अंडी मिळतात. ती गरोदर स्त्रियांनीही कच्ची खाण्यास हरकत नाही, असे तेथील अन्नखात्याने २०१७ साली जाहीर केले. तो निर्वाळा त्या शिक्क्याच्या अंड्यांपुरता आहे, आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातील अंड्यांना लागू नाही. म्हणून लहान मूल, गर्भारशी आणि म्हातारी माणसे यांच्यासाठी कच्च्या अंड्याचे मूस करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परदेशी पुस्तकात आहे म्हणून करू नये!

दुसरी रीत मलईची. येथे आपणां सर्वांना एक शंका येणार, ती मीच विचारते : घरची साय चालेल काय? नाही. तापविलेल्या दुधावरची साय गुठळ्यांची असते. ती घुसळली तर लोणी येईल, फेस येणार नाही. बाजारात साध्या क्रीमच्या पुठ्ठ्याच्या पेट्या मिळतात, त्यांवर २५ टक्के स्निग्धांश लिहिलेला असतो. तेवढ्याने फेस उभा राहत नाही. ३० टक्के किंवा अधिक पाहिजे. ते मिळाले तर भांडे, क्रीम आणि फेटणी तिन्ही गारठवून फेटावे, आणि लोणी येण्याच्या अलीकडे थांबावे. ताक करणाऱ्या बाईला ही वेळ शिकवावी लागत नाही. केकवाले जे गोठविलेले 'व्हिप' वापरतात, त्यातील बहुतेक वनस्पती तेलाचे असते. ते फुगते फार, पण टाळूला चिकटून राहते. मला आवडत नाही.

आता तिसरी, आणि आजची. एर्वे तीस नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १९९५ साली असा विचार केला की, क्रीम म्हणजे तरी काय? पाण्यात विखुरलेले स्निग्ध कण. मग चॉकलेटात कोकोचे लोणी आहेच. त्यात पाणी मिसळले तर तेही क्रीमसारखे फेटले गेले पाहिजे. आणि ते गेले! अंडे नाही, मलई नाही, दूधसुद्धा नाही.

माप असे. चांगले काळे चॉकलेट २५० ग्रॅम आणि पाणी १८० मिलिलिटर. चॉकलेट घेताना वेष्टनाची मागची बाजू वाचा. 'कंपाउंड' लिहिलेल्या लादीत कोकोचे लोणी काढून दुसरे वनस्पती स्निग्ध घातलेले असते. कोकोचे लोणी सुमारे ३४ अंशांवर, म्हणजे जिभेच्या उबेने वितळते. चॉकलेटची सारी लज्जत तेथे आहे. कंपाउंड स्वस्त पडते, पण आज नको. कर्नाटकात पुत्तूर येथे सुपारी आणि कोको पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना १९८६ पासून आहे, हे सहकाराचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या मंडळाला ऐकून बरे वाटेल.

पातेल्यात दोन बोटे पाणी तापवावे, वर दुसरे भांडे ठेवावे, त्यात चॉकलेटचे तुकडे आणि मोजलेले सगळे पाणी एकदम घालावे. एकदम म्हणते ते कारणाने. वितळत्या चॉकलेटात पाण्याचा एखादाच थेंब पडला तर साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि रव्यासारखा गोळा होतो. पाणी भरपूर असले म्हणजे तसे होत नाही. कोरे किंवा कॉफीचे, कोणतेही पाणी चालेल. मी संत्र्याचा रस घालून पाहिला आहे, तोही छान लागतो.

गुळगुळीत झाले की भांडे बर्फात ठेवून फेटावयास लागावे. पहिली दोन-तीन मिनिटे काहीच होत नाही, हात दुखू लागतो आणि बाईने आपल्याला फसविले असे वाटू लागते. मग रंग फिकट होतो, फेटणीच्या रेघा उमटू लागतात. तेथेच थांबा! आणखी दहा-बारा वेळा हात फिरला तर रवाळ होईल. झालेच तर घाबरू नका. पुन्हा ऊन करून वितळवावे आणि पुन्हा फेटावे. फारच घट्ट वाटले तर चमचाभर पाणी वाढवावे, घट्टच होईना तर चॉकलेटचे दोन तुकडे. काही वाया जात नाही. एवढ्यात लहान आठ वाट्या होतात.

विकत आणलेल्या मूसमध्ये पुष्कळदा जिलेटीन असते, आणि ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून निघते. चायनाग्रास समुद्रातील शेवाळापासून होतो. दोन्ही एकच समजू नये. आपल्यापैकी ज्या भगिनी घरून मागण्या घेतात, त्यांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, आणि बंद डबा विकावयाचा तर त्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण छापावा लागतो. अंडे घातले की त्रिकोण. सुट्या वाटीवर कोणी छापत नाही, तेथे तोंडी उत्तरच काय ते. म्हणून विचारणारीला भांड्यात जे गेले आहे ते सारे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सांगावे.

ज्यांनी वाट्या आणल्या आहेत त्यांनी आता पुढे यावे. फेटावयास तिघीजणी लागतील, कारण माझा उजवा खांदा हल्ली कुरकुरतो. उरले तर फ्रीजमध्ये ठेवावे; तेथे ते कडक होते, तेव्हा खाण्यापूर्वी थोडा वेळ बाहेर काढावे. उपासाला चालेल काय, हे मात्र मला विचारू नका. ते आपापल्या सासूबाईंना विचारा.