ललिता पवार : दुय्यम भूमिकांचे पहिले मानकरीपण
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी हृषीकेश मुखर्जींचा ‘अनाडी’ पडद्यावर आला. त्यातील मिसेस डिसा ही वरून खेकसणारी, आतून भाडेकरू मुलावर जीव टाकणारी घरमालकीण प्रेक्षकांच्या मनात कायमची वसली. रिसालीत संसार मांडणाऱ्या पिढीला हा चेहरा परिचित होता. तो मराठी मुलखातला होता, हे मात्र अनेकांच्या ध्यानी नसे.

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी पैठणीच्या येवल्यात झाला. मूळ नाव अंबा. बालवयातच त्या पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीत दाखल झाल्या, तेव्हा पगार दरमहा १८ रुपये होता. चित्रपट मूक होते. संवादाचा आधार नसल्याने सारे काही डोळ्यांनी आणि देहबोलीने सांगावे लागे. ही शाळा त्यांना पुढे जन्मभर पुरली. बोलपट आल्यावर ‘हिम्मत-ए-मर्दा’ (१९३५) मध्ये त्या नायिका म्हणून गाजल्या. टॉलस्टॉयच्या ‘रिसरेक्शन’ या कादंबरीवर आधारलेल्या ‘दुनिया क्या है’ची निर्मितीही त्यांनी केली. रूप, गळा, कर्तृत्व आणि लोकप्रियता अशा चारही बाजू अनुकूल होत्या.

१९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात एका प्रसंगी नट भगवान यांना त्यांच्या थोबाडीत मारायची होती. हात जरुरीपेक्षा जोरात बसला. चेहऱ्याला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याची शीर तुटली. दीर्घ उपचारांनंतरही तो डोळा बारीकच राहिला. त्या वेळी ललिताबाईंचे वय होते अवघे २६ वर्षे. नायिकेच्या चेहऱ्यावर जिथे सारा व्यवहार चालतो, तिथे तिचे दार त्यांच्यासाठी बंद झाले.

येथवरची कथा अपघाताची, यापुढची निवडीची. घरी बसणे शक्य होते. ललिताबाईंनी दुय्यम मानल्या जाणाऱ्या भूमिका स्वीकारल्या आणि त्या दुय्यम राहू दिल्या नाहीत. ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’ (१९४४) मध्ये त्यांनी आनंदीबाई उभी केली. ‘ध’चा ‘मा’ करणारी ही स्त्री मराठी मनाला इतिहासातूनच ठाऊक होती. पडद्यावर तिला थंड, हिशेबी नजर लाभली. व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’ (१९५०) मधील सासूने तर हुंडा मागणाऱ्या घराचा चेहराच समाजापुढे धरला. ज्या डोळ्याने नायिकापद हिरावले, तोच डोळा आता अभिनयाचे हत्यार झाला.

मात्र त्यांना केवळ खाष्ट सासू म्हणून ओळखणे अन्यायाचे ठरेल. ‘श्री ४२०’ (१९५५) मधील केळीवाली गंगामाई आठवावी. तिच्या घासाघिशीत आणि मायेत फरकच करता येत नाही. मिसेस डिसाच्या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, तर १९६१ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. ‘आनंद’ (१९७१) मधील शिस्तीची, तरीही हळवी होणारी मेट्रनही त्याच कुळातली.

१९६१ च्या ‘संपूर्ण रामायण’मध्ये त्या मंथरा झाल्या होत्या. पाव शतकानंतर, २५ जानेवारी १९८७ पासून रामानंद सागर यांचे ‘रामायण’ दूरदर्शनवर सुरू झाले आणि सत्तरी ओलांडलेल्या ललिताबाई पुन्हा मंथरा झाल्या. छत्तीसगडला दूरचित्रवाणी तशी नवी नव्हती; १९७५-७६ च्या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगात रायपूर परिसरातील गावांचाही समावेश होता. पण रविवारी सकाळी शेजारपाजारासह अवघे घर एका पेटीसमोर बसावे, हे दृश्य ‘रामायण’ने घडवले. लहान पडद्यावर भव्य देखावे फिके पडतात, चेहरा मात्र जवळ येतो. मूकपटात घडलेल्या अभिनेत्रीला हे माध्यम परके वाटण्याचे कारणच नव्हते. कैकेयीच्या कानाशी लागलेली मंथरा आवाज चढवत नाही. ती हळूहळू संशय पेरत जाते. लहान मुले तिचा राग राग करीत, यातच तिचे यश होते.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात ललिताबाईंचे निधन झाले. मूकपटापासून दूरचित्रवाणीपर्यंत जवळजवळ सात दशकांचा तो प्रवास होता.

शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटकाच्या भूमिका वाटल्या जातात, तेव्हा राजा-राणी एकेकच असतात. दासी, म्हातारी, दुष्ट सल्लागार वाट्याला आलेले मूल हिरमुसून घरी येते आणि पालकांचाही चेहरा पडतो. त्या संध्याकाळी ललिताबाईंची गोष्ट घरात जरूर सांगावी. भूमिका कोणती मिळाली, हे पुष्कळदा आपल्या हाती नसते. ती किती उंचीवर न्यायची, हे मात्र असते. या शाळेतून गेलेल्या साठ वर्षांच्या तुकड्यांमध्ये नायकपद न मिळताही आपापले काम चोख करणारे असंख्य आहेत. हा महोत्सव त्यांचाही आहे.