हार्वर्डचं स्मिथ प्राध्यापकपद

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फ्रेंच आणि स्पॅनिशसाठी खास प्राध्यापकपद निर्माण झालं, ते अबिएल स्मिथ या व्यापाऱ्यानं मृत्युपत्रात ठेवलेल्या देणगीतून. पहिले प्राध्यापक जॉर्ज टिकनॉर १८१९ साली रुजू झाले. त्याआधी चार वर्षं ते युरोपात होते. शिकत, हिंडत, ग्रंथ जमवत. त्यांचा स्पॅनिश साहित्याचा इतिहास १८४९मध्ये तीन खंडांत निघाला.

त्यांच्या जागी आले कवी लाँगफेलो. ते वर्गात दान्ते शिकवायचे, आणि १८६७मध्ये त्यांचा ‘डिव्हाइन कॉमेडी’चा संपूर्ण इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. टिकनॉर यांचा स्पॅनिश-पोर्तुगीज ग्रंथसंग्रह आज बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे.