पुढचं घर की पुढची खोली? सी-मधल्या ‘आर्गव्ही’ची गोष्ट

आजचा एपिसोड हर्सूलहून, आमच्या घराच्या गच्चीवरून. मागे गाड्यांचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

काल रात्री धाकटा चुलतभाऊ लॅपटॉप घेऊन आला. “दादा, या दोन ओळींत फरक काय? नुसता एक कंस तर जास्त आहे!” मला हसूच आलं. पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत मला हाच प्रश्न पडला होता, आणि मी छातीठोकपणे चुकीचं उत्तर देऊन घरी आलो होतो.

त्या दोन ओळी अशा:

(*++आर्गव्ही)[०]
*++आर्गव्ही[०]

आता सुरुवातीपासून बघू. समजा प्रोग्रामचं नाव ‘सलाम’. टर्मिनलवर आपण लिहिलं: सलाम हर्सूल जटवाडा. मेन फंक्शनला दोन गोष्टी मिळतात. आर्गसी म्हणजे शब्द किती. इथे ३, कारण प्रोग्रामचं नावही मोजतात. आर्गव्ही म्हणजे ते शब्द मेमरीत कुठे आहेत, त्याची यादी.

पोस्टमन डोळ्यांसमोर आणा. त्याच्या यादीत माणसं नाहीत, फक्त पत्ते आहेत. एका ओळीत एका घराचा पत्ता. घरात ओळीने खोल्या, एका खोलीत एक बाइट. यादीच्या शेवटी ‘नल’, म्हणजे इथे यादी संपली. आणि आर्गव्ही म्हणजे यादीवर ठेवलेलं पोस्टमनचं बोट.

++आर्गव्ही लिहिलं की बोट एक ओळ खाली येतं. ६४ बिटच्या मशीनवर ही उडी ८ बाइटची, कारण एक पत्ता तेवढी जागा घेतो. आता आर्गव्ही[०] म्हणजे ‘सलाम’ नाही, ‘हर्सूल’.

पण ++आर्गव्ही[०] लिहिलं तर? चौकोनी कंसाचा मान आधी. म्हणून बोट जागचं हलत नाही, बोटाखालचा पत्ताच एक बाइट पुढे सरकतो. घर तेच, खोली पुढची.

म्हणजे पहिली ओळ पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर देते. तो शब्द डॅशने सुरू होतो का, म्हणजे ऑप्शन आहे का, हे तिथे कळतं. दुसरी ओळ त्याच शब्दातलं पुढचं अक्षर देते. डॅशनंतर कोणकोणती अक्षरं आहेत, ते एकेक करून वाचायला ती कामाची.

एक गंमत. ‘हर्सूल’ देवनागरीत टाईप केलं तर यूटीएफ-८ मध्ये ‘ह’ एकटाच ३ बाइट घेतो. एक प्लस प्लस केलं की तुम्ही ‘र’वर जात नाही, ‘ह’च्या पोटातच अडकता.

भाऊ म्हणाला, “परीक्षेपुरतं ठीक आहे, पण खऱ्या कामात कुठे अडतं?” मग त्याला पॉनकिटची गोष्ट सांगितली.

लिनक्सवर ‘पीकेएक्झेक’ नावाचा प्रोग्राम असतो. दुसऱ्याच्या, बहुतेकदा रूटच्या, अधिकाराने कमांड चालवायला तो वापरतात. त्याने गृहीत धरलं होतं की प्रोग्रामचं नाव तर यादीत असणारच, म्हणून मोजणी थेट १ पासून. पण दुसऱ्या प्रोग्राममधून याला रिकामी यादीही देता येते. तेव्हा आर्गसी ०, आणि पहिल्याच ओळीत नल. पीकेएक्झेक नल ओलांडून पुढची ओळ वाचायला गेला. लिनक्सवर आर्गव्हीला लागूनच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची यादी असते. त्याने ती वाचली, वर तिथे लिहिलंसुद्धा! याच फटीतून साध्या यूजरला रूट होता येत होतं.

ही चूक कोडमध्ये २००९ पासून होती. क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी ती २५ जानेवारी २०२२ ला जाहीर केली. बारा वर्षं उबुंटू, डेबियन, फेडोरासारख्या सिस्टिमवर ती शांत बसून होती. पुढे लिनक्स कर्नलनेही रिकाम्या यादीत एक रिकामा शब्द भरायला सुरुवात केली.

म्हणून प्लस प्लस लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारा. सरकतंय कोण, बोट की पत्ता? आणि पुढे खरंच ओळ आहे, की यादी संपली?

भावाने कागदावर घरं काढली, बाण काढले, आणि दोन्ही ओळींचं आउटपुट बरोबर सांगितलं. इंटरव्ह्यूच्या दिवशी तो कागद मला हवा होता.

तुम्हीही आज एकदा कागदावर काढून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!