ओळखा पाहू!
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला आपल्या ग्रुपवरच्या 'ओळखा पाहू' या खेळाबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. दोनाचे चार होतील, सांभाळून घ्या. शाळेत असताना बोलायला उभं केलं की माझे पाय लटपटायचे. आजही लटपटताहेत, पण त्याचं कारण वेगळं आहे. ते शेवटी कळेल.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. आपला ग्रुप त्याआधीपासून होता, पण त्यावर काय चालायचं? सकाळी सुप्रभात, रात्री शुभरात्री आणि मधे कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. टाळेबंदीत त्याची जागा करोनाच्या बातम्यांनी घेतली. एप्रिल संपताना आपला वर्धा जिल्हा ग्रीन झोनमध्ये होता, तरी धास्ती सगळ्यांनाच होती. कुणाचा मुलगा पुण्यात अडकलेला, तर कुणाचे आईवडील गावी एकटे. शेवटी नागपूरच्या आपल्या मैत्रिणीनं लिहिलं, "पुरे झाल्या आता बातम्या. काहीतरी खेळू या." आणि खेळ सुरू झाला.

नियम तुम्हाला पाठ आहेत, पण ही स्मरणिका उद्या आपली मुलं वाचतील, त्यांच्यासाठी सांगतो. रोज रात्री नऊ वाजता दहा प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला अर्धा मिनिट. गुगल करायचं नाही. उत्तर येत नसेल तरी अंदाज सांगायचाच, गप्प बसायचं नाही. सगळ्यात मजेशीर चुकीच्या उत्तराला अर्धा गुण. न्यू जर्सीतल्या मैत्रिणीकडे तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजलेले असत. ती पोळ्या लाटता लाटता खेळायची आणि तिच्या उत्तरांत पिठामुळे भलतीच अक्षरं यायची. अर्ध्या गुणांची सर्वांत मोठी मानकरी तीच.

प्रश्न काढायचं काम मी आपणहून घेतलं. दहावीला वर्गात पहिला आलो होतो ना! विषय ठेवला आपलाच जिल्हा. बाबा आमट्यांचा जन्म कुठला? हिंगणघाटचा, १९१४ सालचा. १८६६ साली वर्धा शहर वसलं, त्याआधी तिथं कोणतं गाव होतं? पालकवाडी. सेगावचं सेवाग्राम का झालं? गांधीजी १९३६ साली सेगावला राहायला आले आणि त्यांची पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागली, म्हणून १९४० साली नाव बदललं. या प्रश्नावर इतकी चर्चा झाली की त्या रात्री झोपायला बारा वाजले. कितीतरी महिन्यांनी ग्रुपवर करोना सोडून काहीतरी बोललं गेलं.

आता मुद्द्यावर येतो. एका रात्री मी विचारलं, "वर्धा शहर कोणत्या नदीकाठी आहे?" सगळ्यांनी पटापट लिहिलं, वर्धा. माझ्या वहीतही तेच उत्तर होतं. फक्त एकानं लिहिलं, "शहर कोणत्याच नदीवर नाही. वर्धा नदी तिकडे पुलगावजवळून जाते, जिल्ह्याच्या हद्दीवरून. आपल्याला जवळची म्हणजे पवनारची धाम." सगळे गप्प. मग हशा. सर्वांचे गुण कापले गेले, आणि परीक्षकाची लाज गेली ती वेगळीच.

हा आपला मित्र नववीतच शाळा सोडून गेलेला. पुढे एसटीत कंडक्टर झाला, एवढंच मला ठाऊक होतं. त्याचं नाव घेणार नाही, तशी त्यानं तंबी दिली आहे. तुम्हाला ते माहीत आहेच.

त्यानंतर तो रोज जिंकू लागला. आठवड्याभरानं मी विचारलं, "सेलू तालुक्यातल्या कोणत्या गावाला लोक महाभारतातली एकचक्रानगरी मानतात?" पाच सेकंदांत त्याचं उत्तर, केळझर. त्या रात्री त्याला दहापैकी दहा मिळाले. आणि मी लिहिलं, "कंडक्टरसाहेबांनी आज गुगलचं तिकीट फाडलेलं दिसतंय!"

पाच-सहा जणांनी हसणारे चेहरे टाकले. दोन मिनिटांत तो ग्रुपमधून बाहेर पडला.

मी मनाची समजूत घातली की गंमत होती, याला गंमतही कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भूगोलाच्या बाईंचा फोन आला. बाई ग्रुपवर कधी काही लिहीत नसत, पण वाचत सगळं असत. म्हणाल्या, "आठवीत तू नकाशे कुणाच्या वहीतून काढायचास रे? मला तेव्हाही दिसत होतं." एवढंच बोलल्या आणि फोन ठेवला.

मित्रांनो, मला घाम फुटला. मी रोज प्रश्न कुठून काढत होतो? गुगलवरूनच! ज्या चोरीचा आळ त्याच्यावर घेतला, ती मी स्वतः रोज करत होतो. आणि खरं सांगायचं तर मला त्याचा संशय आलाच नव्हता. नदीच्या प्रश्नावर नववीत शाळा सोडलेल्या मुलानं मला चूक ठरवलं, ते माझ्या पोटात सलत होतं.

मी त्याला फोन लावला. तो म्हणाला, "अबे, राग नाही आला बे. पण शाळा सुटली तवा कोणी इचारलं नव्हतं, आताही नाही इचारलं. सरळ ठरवून टाकलं." मग कळलं, नववीत वडील गेले तेव्हा तो जिनिंगमध्ये कामाला लागला. पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली, मग एसटीत लागला. आर्वी, आष्टी, कारंजा, गिरड, केळझर, सगळी गावं त्यानं तिकिटं फाडत पाहिली. चतुर्थीला केळझरच्या गणपतीला जाणाऱ्या म्हाताऱ्यांनी त्याला एकचक्रानगरीची गोष्ट सांगितली होती. शेवटी म्हणाला, "गाड्या बंद हायेत, घरात करमत नाही. तुमच्या प्रश्नांनी रोज रात्री एक फेरी होऊन जाते, म्हणून खेळत होतो."

मी फोनवर माफी मागितली. तो परत आला आणि त्या दिवसापासून प्रश्न काढायचं काम त्याच्याकडे गेलं. त्याचे प्रश्न कोणत्याही गुगलवर सापडत नसत. शाळेची घंटा कशाची होती? रुळाच्या तुकड्याची. पुलगावहून आर्वीला जाणाऱ्या छोट्या गाडीतून कोण कोण यायचं? विरूळ आणि रोहण्याच्या पोरांची नावं आठवायला आपल्याला दोन रात्री लागल्या.

आणि एका रात्री त्यानं एकच प्रश्न टाकला, "आठवी ते दहावी या तीन वर्षांत आपल्या वर्गातून कोण कोण शाळा सोडून गेलं? नावं सांगा."

अर्धा मिनिट झाला. तास झाला. अंदाजसुद्धा कुणाला सांगता येईना. आपण बॅच म्हणायचो ती दहावीच्या निकालाच्या यादीवरची. त्या यादीत नसलेल्यांना आपण कधी मोजलंच नव्हतं. आठवडाभर फोनाफोनी करून अकरा नावं जमली, त्यात सात मुली. शोधत शोधत पाच जण सापडले. त्यातले तिघे आज या मांडवात बसले आहेत. आज सकाळी हजेरी घेतली तेव्हा बाईंनी त्यांची नावं मूळ क्रमांकावर पुकारली, ते आपण सर्वांनी ऐकलं.

आता पाय का लटपटताहेत ते सांगतो. मी तिकिटाचा शेरा सगळ्यांसमोर मारला, पण माफी मात्र फोनवर मागितली, कुणाला ऐकू जाणार नाही अशी. हा हिशेब बरोबर नाही. म्हणून मित्रा, आज सगळ्यांसमोर, बाईंच्या साक्षीनं, मी तुझी माफी मागतो. तू गुगल केलं नव्हतंस. मी केलं होतं.

राहिलेल्या सहा जणांची यादी दाराजवळच्या फळ्यावर लिहिली आहे. जाताना जरूर वाचा. कुणाचं गाव, सासर, भाऊ, काहीही आठवलं तर खाली लिहा. नुसता अंदाज असला तरी चालेल.

आणि जेवणं उरकली की रात्री नऊला खेळ आहे, या वेळी समोरासमोर. मोबाईल बाईंच्या टेबलावर जमा करायचे आहेत, सर्वांत आधी माझा.